तराजूच्या पारड्यातील शिक्षा

गांजाचे एक पोते वजनकाट्यावर ठेवले आणि काटा बरोबर २० किलोवर स्थिरावला, तर ते बाळगणाऱ्यास किती शिक्षा द्यावयाची याचा निर्णय न्यायाधीशाच्या हाती राहतो. कायद्याने कमाल मर्यादा १० वर्षांची घालून दिलेली आहे. तिच्या आत राहून आरोपीचे वय, त्याची परिस्थिती, गुन्ह्यातील त्याचा वाटा, पूर्वीची वागणूक यांचा विचार करून न्यायाधीश एक वर्षाची शिक्षा देऊ शकतो किंवा नऊ वर्षांची. काटा २० किलो १०० ग्रॅम दाखवू लागला, की हा सारा विचार निरर्थक ठरतो. कमीत कमी १० वर्षे सक्तमजुरी आणि कमीत कमी १ लाख रुपये दंड. याखाली एक दिवस किंवा एक रुपया उतरण्याची मुभा न्यायाधीशाला नाही. खटला चालू असताना जामीन मिळणेही जवळजवळ अशक्य होते, कारण आरोपी निर्दोष असावा असे मानण्यास सबळ कारण आहे अशी न्यायालयाची खात्री पटल्याखेरीज जामीन देऊ नये, असे कलम ३७ सांगते. १०० ग्रॅम हे किराणा दुकानातील चहाच्या एका पुड्याचे वजन झाले. तेवढ्याने एका माणसाच्या आयुष्यातील दशक इकडचे तिकडे होते.

अंमली पदार्थांचा चोरटा व्यापार आणि बेकायदा शस्त्रे बाळगणे या दोन गुन्ह्यांबाबत गेल्या चाळीस वर्षांत आपल्या कायदेमंडळाने एक निश्चित धोरण स्वीकारले आहे. शिक्षा कडक हवी आणि तिचा खालचा टप्पा कायद्यातच ठरवून टाकावा, हे ते धोरण होय. त्यामागील भावना समजण्यासारखी आहे. परंतु या धोरणाने शिक्षा ठरवण्याचे काम न्यायासनावरून उचलून वजनकाट्याकडे आणि पंचनामा लिहिणाऱ्या अधिकाऱ्याकडे कसे सोपवले, याची चर्चा फारशी होत नाही.

१९३० सालच्या घातक औषधिद्रव्यांच्या कायद्यात कमाल शिक्षा तीन वर्षांची होती. पुन्हा तोच गुन्हा करणाऱ्यास चार वर्षांची. किमान शिक्षा अशी काही नव्हतीच. अफू आणि भांग-गांजा हा त्या काळी सरकारच्या दृष्टीने बव्हंशी अबकारी खात्याचा विषय होता. १९८० च्या सुमारास चित्र पालटले. एका बाजूस अफगाणिस्तान-पाकिस्तान आणि दुसऱ्या बाजूस ब्रह्मदेश, अशा दोन अफू पिकवणाऱ्या प्रदेशांच्या मध्ये आपण सापडलो. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत, रेल्वेच्या फलाटांवर ब्राऊन शुगरच्या पुड्या मिळू लागल्या आणि महाविद्यालयांतील मुले तिच्या आहारी जात असल्याच्या बातम्या येऊ लागल्या. १९८५ च्या पावसाळी अधिवेशनात नवे विधेयक आले, १६ सप्टेंबरला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १४ नोव्हेंबरपासून तो कायदा अमलात आला. हाच तो एन. डी. पी. एस. म्हणून ओळखला जाणारा कायदा. तीन वर्षांच्या कमाल शिक्षेच्या जागी १० वर्षांची किमान आणि २० वर्षांची कमाल शिक्षा आली.

कायदा आणणाऱ्यांच्या नजरेसमोर आंतरराष्ट्रीय तस्कर होता. जाळ्यात मात्र बहुधा आला तो पुडी विकणारा आणि पुडी ओढणारा. स्वतःच्या सेवनासाठी बाळगलेल्या अल्प प्रमाणाला सौम्य शिक्षेची सवलत होती, परंतु ब्राऊन शुगरच्या बाबतीत हे अल्प प्रमाण २५० मिलिग्रॅम एवढेच ठरवण्यात आले होते. चिमूटभर म्हणावी एवढीही ही भुकटी नव्हे. शिवाय ती स्वतःसाठीच होती, विक्रीसाठी नव्हती, हे आरोपीने सिद्ध करावयाचे. व्यसनी माणूस दोन दिवसांची बेगमी करून ठेवतो, एवढी साधी गोष्टही ही मर्यादा ठरवणाऱ्यांच्या ध्यानी आली नसावी. ज्याच्या खिशात अर्धा ग्रॅम भुकटी सापडली त्यास १० वर्षे, आणि ज्याच्या गोदामात ती टनावारी सापडली त्यासही सुरुवात १० वर्षांपासूनच, अशी स्थिती पुढे सोळा वर्षे राहिली.

२००१ साली संसदेने ही चूक अंशतः दुरुस्त केली. २ ऑक्टोबर २००१ पासून अल्प, मधले आणि व्यापारी असे तीन टप्पे आले. हेरॉइनच्या बाबतीत ५ ग्रॅमपर्यंत अल्प, २५० ग्रॅमच्या पुढे व्यापारी. चरसाच्या बाबतीत १०० ग्रॅम आणि १ किलो. गांजाच्या बाबतीत १ किलो आणि २० किलो. मधल्या टप्प्यात किमान शिक्षा राहिली नाही. ही सुधारणा स्वागतार्ह होती, पण तिच्यात दोन गोष्टी अशा होत्या की ज्यांच्याकडे त्या वेळी फार कोणी लक्ष दिले नाही. पहिली म्हणजे, खटला अद्याप चालू असलेल्यांना नव्या सौम्य तरतुदींचा लाभ देण्यात आला, परंतु शिक्षा होऊन ज्यांचे अपील पडून होते त्यांना तो नाकारण्यात आला. एकाच दिवशी, एकाच प्रमाणात, एकाच पदार्थासह पकडलेल्या दोघांपैकी ज्याचा खटला रेंगाळला तो लाभार्थी ठरला आणि ज्याचा वेळेवर निकालात निघाला तो १० वर्षांसाठी आत राहिला. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली हा भेद घटनेशी विसंगत नाही असे ठरवले. विसंगत नसेल; न्याय्य होता असे मात्र म्हणवत नाही. दुसरी गोष्ट गांजाची. १९८५ च्या कायद्यात गांजासाठी कमाल शिक्षा पाचच वर्षांची होती. शिक्षा तर्कसंगत करण्याच्या हेतूने आणलेल्या दुरुस्तीने व्यापारी प्रमाणातील गांजासाठी तीच १० ते २० वर्षांवर नेली. ज्या देशात भांग या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे आणि महाशिवरात्रीला ती उघडपणे घोटली जाते, त्याच देशात त्याच झाडाच्या शेंड्यांसाठी ही शिक्षा आहे.

व्यापारी प्रमाण हा शब्दप्रयोगही फसवा आहे. तो ऐकताच गोदामे आणि जहाजे डोळ्यांसमोर येतात. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये गुजरातमधील मुंद्रा बंदरात सुमारे ३००० किलो हेरॉइन पकडले गेले, तेव्हा तो शब्द सार्थ होता. पण २५१ ग्रॅम हेरॉइन हेही कायद्याच्या लेखी व्यापारी प्रमाणच होय आणि दोहोंसाठी शिक्षेची चौकट एकच. हल्ली एम. डी. या नावाने आपल्या शहरांत पसरलेल्या मेफेड्रोनचेच पाहा. २०१५ च्या फेब्रुवारीत हा पदार्थ कायद्याच्या यादीत आला. त्याचे व्यापारी प्रमाण ५० ग्रॅमच्या पुढे सुरू होते. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यापर्यंत धागा नेला, तेव्हा हा माल शेकड्यांनी किलो निघाला. कारखान्यात तो तयार करविणारा आणि ५१ ग्रॅमचे पुडके रात्रीच्या गाडीतून एका गावाहून दुसऱ्या गावी पोचवणारा, या दोघांनाही १० वर्षांखाली शिक्षा नाही. आपण काय वाहून नेत आहोत हे मला ठाऊक नव्हते असे पोचवणारा म्हणाला, तर ते सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच; कारण बाळगणारा जाणूनबुजूनच बाळगतो, असे कायदा आरंभीच गृहीत धरतो.

मालाच्या वजनाबाबतही एक मोठा वाद होऊन गेला. रस्त्यावर विकली जाणारी ब्राऊन शुगर शुद्ध कधीच नसते. हात बदलतील तसतशी तिच्यात भेसळ वाढत जाते. मग वजन धरावयाचे ते कोणाचे, आतील हेरॉइनचे की सगळ्या भुकटीचे? २००८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका खटल्यात सुमारे चार किलो माल होता आणि त्यात हेरॉइनचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास, म्हणजे साठेक ग्रॅम. न्यायालयाने आतील शुद्ध द्रव्यच मोजावे असे ठरवून १० वर्षांची शिक्षा सहा वर्षांवर आणली. सरकारला हे रुचले नाही. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये अधिसूचना निघाली आणि अखेर एप्रिल २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २००८ चा निर्णय चुकीचा ठरवून सारे मिश्रण मोजावे असा निकाल दिला. या निकालामागे तर्क आहे. भेसळीचा मालच माणसे मारतो, आणि तस्करांना भेसळीची सवलत देणे कोणालाच नको आहे. पण व्यवहारात त्याचा परिणाम उलटा होतो. साखळीच्या वरच्या टोकाचा माल शुद्ध असतो आणि खालच्या टोकाचा बहुतांशी भेसळीचा. तेव्हा तेवढ्याच हेरॉइनसाठी खालच्या विक्रेत्याचे पारडे वरच्या व्यापाऱ्याच्या पारड्यापेक्षा अधिक जड भरते. गांजाच्या खटल्यांत तर ओला माल, देठ, बिया, पाने हे सारे एकत्र मोजले गेल्याची तक्रार बचावाचे वकील सतत करतात. कारण कायद्याच्या व्याख्येप्रमाणे गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे, आणि शेंड्यांवाचून असलेली पाने व बिया हा गांजा नव्हेच.

कायद्याने अशी ताठर रेघ ओढली की माणसे तिला वळसा घालू लागतात, हे इंग्लंडने अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत अनुभवले. राहत्या घरातून ४० शिलिंग किंवा अधिक किमतीची वस्तू चोरणाऱ्यास तेथे फाशी होती. ज्यूरीतील भल्या माणसांना हे सहन होईना. मग ते चोरीस गेलेल्या चांगल्या किमती मालाची किंमत शपथेवर ३९ शिलिंग ठरवत आणि चोराचा प्राण वाचवत. आपल्याकडे ज्यूरी नाही. इथे दयाबुद्धीला वाट मिळते ती कार्यपद्धतीच्या कलमांतून. अंगझडती घेण्यापूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घेतली जाण्याचा तुम्हांस हक्क आहे, असे आरोपीस सांगणे कलम ५० प्रमाणे बंधनकारक आहे आणि १९९९ साली घटनापीठाने या कलमाला मोठे बळ दिले. शिक्षा जितकी कठोर तितकी प्रक्रिया काटेकोर, हे त्यामागील सूत्र अगदी योग्य होय. परंतु त्यामुळे निकालांना एक विचित्र स्वरूप आले आहे. झडतीत त्रुटी राहिली असेल तर खरा गुन्हेगारही पूर्णपणे सुटतो. त्रुटी नसेल तर हमालालाही १० वर्षे. मधली पायरीच नाही. त्यातही गंमत अशी की हे कलम अंगझडतीपुरते आहे, खांद्यावरच्या पिशवीला ते लागू नाही, असा निकाल २००५ साली झाला. माल सदऱ्याच्या खिशात होता की पिशवीत, यावर मग वकिलांचे कौशल्य पणाला लागते. गुन्ह्याच्या गांभीर्याशी या प्रश्नाचा काय संबंध?

१९८९ साली तर संसदेने आणखी पुढचे पाऊल टाकले. ठरावीक मोठ्या प्रमाणातील मालासह दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्यास फाशीच दिली पाहिजे, असे कलम ३१ अ घालण्यात आले. हे करताना संसदेला सहा वर्षांपूर्वीचाच एक निकाल आठवावयास हवा होता. जन्मठेप भोगणाऱ्याने खून केला तर त्यास फाशीखेरीज दुसरी शिक्षा नाही, हे भारतीय दंड संहितेचे कलम ३०३ सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये रद्दबातल ठरवले होते. मुख्य निकालपत्र पुण्याचे सुपुत्र असलेले सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांचे होते. त्यातील विचार सरळ आहे. परिस्थितीचा विचार करून शिक्षा ठरवण्याचा अधिकार कायद्यानेच काढून घेतला, तर शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे ऐकणे हा निव्वळ उपचार उरतो, आणि अशी शिक्षा न्याय्य म्हणता येत नाही. याच विचारास अनुसरून जून २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कलम ३१ अ मधील सक्तीची फाशी घटनाबाह्य ठरवली. कलम रद्द न करता, फाशी 'दिलीच पाहिजे' याऐवजी 'देता येईल' असे ते वाचावे, असा तोडगा न्या. खानविलकर व न्या. भंगाळे यांच्या खंडपीठाने काढला. २०१४ साली संसदेनेही तो स्वीकारला. शस्त्र कायद्यात १९८८ साली घातलेल्या कलम २७ (३) ची हीच गत झाली. निषिद्ध शस्त्राच्या वापराने मृत्यू घडल्यास फाशी सक्तीची होती. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले.

म्हणजे सक्तीच्या शिक्षेतील दोष आपल्या न्यायालयांनी ओळखला आहे, पण तो फाशीपुरता. फाशी परत फिरवता येत नाही म्हणून तेथे अधिक काळजी घ्यावयाची, हे मान्यच आहे. तथापि विशीतल्या मुलाची १० वर्षेही परत मिळत नाहीत. शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे ऐकून घ्यावे ही तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही आहे. व्यापारी प्रमाणाच्या खटल्यात ती तरतूद पाळली जाते म्हणजे काय होते? वकील उभा राहून सांगतो की आरोपी घरातील एकटाच कमावता आहे, आई आजारी आहे, हा पहिलाच गुन्हा आहे. न्यायाधीश ते नोंदवून घेतो आणि १० वर्षे लिहितो.

आता शस्त्र कायद्याकडे वळू. बिनपरवाना बंदूक किंवा गावठी कट्टा बाळगणाऱ्यास किमान शिक्षा येथेही आहे. ती पूर्वी एक वर्षाची होती, २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांची झाली. कमाल तीनाची पाच झाली. निषिद्ध शस्त्रांसाठी पाच ते दहाऐवजी सात ते चौदा वर्षे झाली. कडकपणाची हौस येथेही दिसते. परंतु या कायद्यात बिनपरवाना शस्त्राच्या कलमाला एक परंतुक जोडलेले आहे, आणि ते फार मोलाचे आहे. पुरेशी व विशेष कारणे निकालपत्रात नमूद करून न्यायालयाला किमान मर्यादेहून कमी शिक्षा देता येते. शेताच्या राखणीसाठी आजोबांची जुनी बंदूक परवाना न घेता ठेवणारा म्हातारा आणि सुपारी घेऊन कट्टा कमरेला खोचणारा गुंड, यांच्यात फरक करण्यास न्यायाधीशाला वाट ठेवलेली आहे. शस्त्र म्हणजे काय, हे ठरवतानाही हा कायदा तारतम्य बाळगतो. केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगाची अवजारे शस्त्र नव्हेत, असे तो सांगतो. २०२२-२३ च्या सुमारास पुण्यात कोयता गँगचा बोभाटा झाला तेव्हा पोलिसांपुढील खरी अडचण हीच होती. ऊसतोड कामगाराच्या हातातील कोयता आणि रात्री दहाला दुकानाच्या काचा फोडणाऱ्या पोराच्या हातातील कोयता, वस्तू म्हणून एकच. कोणाच्या हातात, कुठे, कशासाठी, हे विचारल्यावाचून गत्यंतर नाही. हे प्रश्न विचारणे म्हणजेच न्याय करणे. वजनकाटा हे प्रश्न विचारीत नाही.

शस्त्र कायद्याखालील सर्वांत गाजलेली शिक्षा मुंबईकरांच्या स्मरणात आहे. १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यात अभिनेता संजय दत्त यास टाडा न्यायालयाने दहशतवादी कटाच्या आरोपांतून मुक्त केले आणि शस्त्र कायद्याखाली जुलै २००७ मध्ये सहा वर्षांची शिक्षा दिली. मार्च २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पाच वर्षांवर, म्हणजे निषिद्ध शस्त्रासाठी तेव्हा असलेल्या किमान मर्यादेवर आणली. चांगल्या वर्तणुकीची सूट मिळून फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याची येरवड्यातून सुटका झाली. तिच्यावर पुष्कळ टीका झाली. ती सूट नियमानुसार होती, आणि सामान्य कैद्यालाही ती तशीच मिळावी, एवढाच माझा आग्रह आहे. येथे दोन कायद्यांतील तफावत डोळ्यांत भरते. ए. के. ५६ रायफल बाळगणाऱ्या कैद्यास तुरुंगात चांगले वागल्याबद्दल सूट मिळू शकते. गांजाची पोती वाहणाऱ्यास ती एक दिवसाचीही मिळत नाही. अंमली पदार्थांच्या कायद्याचे कलम ३२ अ अशी सूट, स्वतःच्या सेवनाचा गुन्हा सोडून, सरसकट नाकारते. महाराष्ट्रातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली या कलमाचा काही भाग रद्द करून अपील चालू असताना शिक्षा स्थगित करण्याचा न्यायालयांचा अधिकार वाचवला. सूट नाकारणारा भाग मात्र टिकला. तुरुंगात सुधारण्याचे प्रलोभनच ज्या कैद्यापुढे ठेवलेले नाही, त्याला सांभाळणे किती अवघड असते हे तुरुंग खात्यातील कोणीही सांगेल.

खाली जाण्यास बंदी घालणाऱ्या या कायद्याने वर जाण्यास मात्र मुक्तद्वार ठेवले आहे. दोन लाखांहून अधिक दंड करावयाचा असल्यास कारणे नोंदवून तो करता येतो. १० वर्षांहून अधिक शिक्षा देताना कोणत्या गोष्टी विचारात घ्याव्यात, याची यादी २००१ साली कलम ३२ ब मध्ये देण्यात आली. आरोपीने हिंसा किंवा शस्त्रे वापरली काय, तो सरकारी पदावर होता काय, अज्ञान मुलांना त्याने वापरले काय, गुन्हा शाळा-महाविद्यालयाच्या परिसरात घडला काय. यादी चांगली आहे. पण हे प्रश्न विचारण्याजोगे आहेत असे संसदेला वाटत होते, तर त्यांची उत्तरे आरोपीच्या बाजूची निघाल्यास त्याचा त्याला काही उपयोग व्हावा, हे ओघानेच यावयास हवे होते. हाती शस्त्र नाही, पद नाही, टोळी नाही, मुलांना विकले नाही. तरीही १० वर्षे ती १० वर्षेच.

दंडाची बाबही अशीच. १ लाख रुपये बड्या तस्कराच्या खिशाला जाणवणारही नाहीत. मजुरीवर माल पोचवणाऱ्यास मात्र ते जन्मात फेडता येत नाहीत आणि त्यांच्या बदली त्यास आणखी तुरुंग भोगावा लागतो. एका प्रकरणात दंड न भरल्याबद्दल तीन वर्षांची जादा कैद सुनावण्यात आली होती. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती सहा महिन्यांवर आणली, कारण ती गरिबीचीच शिक्षा ठरली असती. इतर किती जणांचे खटले तिथवर पोचत असतील, हे ज्याचे त्याने ताडावे.

हा काही केवळ आपलाच प्रश्न नाही. १९८६ साली अमेरिकेनेही असाच ग्रॅममध्ये शिक्षा मोजणारा कायदा केला. ५ ग्रॅम क्रॅकसाठी पाच वर्षे, तर भुकटीच्या रूपातील कोकेनसाठी तेवढीच शिक्षा ५०० ग्रॅमला; क्रॅकच्या खटल्यांत पकडले जाणारे बहुतांश काळे होते हे लक्षात घेतले म्हणजे या प्रमाणाचा अर्थ कळतो. अंमली पदार्थ विकताना जवळ बंदूक असल्यास पहिल्या वेळी पाच आणि त्यानंतर प्रत्येक वेळी २५ वर्षे, एकापुढे एक भोगावयाची, असाही तेथे नियम होता. २००४ साली यूटा राज्यात पंचविशीतल्या एका तरुणास तीन वेळा गांजा विकल्याबद्दल या हिशेबाने ५५ वर्षांची शिक्षा झाली. बंदूक त्याने कोणावर रोखलीसुद्धा नव्हती. न्यायाधीश पॉल कॅसेल हे मवाळ म्हणून ओळखले जाणारे गृहस्थ नव्हेत. त्याच दिवशी एका वृद्धेला ओंडक्याने मारून ठार करणाऱ्यास त्यांनी २२ वर्षे दिली होती. ही तुलना त्यांनी स्वतःच निकालपत्रात मांडली, शिक्षा अन्यायाची आहे असे नमूद केले, अध्यक्षांनी ती कमी करावी अशी विनंती केली, आणि कायद्याने हात बांधलेले असल्यामुळे तीच शिक्षा दिली. तो तरुण २०१६ साली सुटला. क्रॅकचे विषम प्रमाण २०१० साली आणि २५ वर्षांच्या चळतीचा नियम २०१८ साली अमेरिकी काँग्रेसने सौम्य केला.

किमान शिक्षेच्या बाजूने एक मुद्दा वजनदार आहे, तो टाळून चालणार नाही. न्यायाधीशांना मोकळीक दिली की तिचा लाभ मोठे वकील लावू शकणाऱ्यांनाच होतो, आणि पैशाने माखलेल्या या धंद्यात ती मोकळीक विकलीही जाईल, अशी भीती अनेक प्रामाणिक पोलीस अधिकारी बोलून दाखवतात. या भीतीत तथ्य नाही असे नाही. पण किमान शिक्षेने मोकळीक नाहीशी झालेली नाही, ती फक्त दुसऱ्याच्या हाती गेली आहे. मुद्देमाल केव्हा व कसा मोजावयाचा, कोणते कलम लावावयाचे, चौघांपैकी कोणाला आरोपी करावयाचे आणि कोणाला साक्षीदार, हे ठरवण्यातही मोकळीक आहेच. संपूर्ण माहिती देणाऱ्यास खटल्यातून अभय देण्याचा अधिकार कलम ६४ ने सरकारला दिला आहे. सांगण्याजोगी माहिती असते ती साखळीच्या वरच्या माणसाजवळ, पोचवणाऱ्याला तर मालकाचे खरे नावही ठाऊक नसते. २०२० च्या ऑक्टोबरपर्यंत तर तपासी अधिकाऱ्यापुढे दिलेल्या कबुलीजबाबावर शिक्षा होत असे. सर्वोच्च न्यायालयाने तो प्रकार तेव्हा थांबवला. पोलीस ठाण्यात वापरल्या जाणाऱ्या मोकळिकीची कारणे कोठे लिहिली जात नाहीत, आणि तिच्यावर अपील नाही. न्यायाधीशाने कमी शिक्षा दिली तर त्याला कारणे लिहावी लागतात, ती वर्तमानपत्रांत छापून येतात आणि ती पटली नाहीत तर शिक्षा वाढवण्यासाठी सरकारला उच्च न्यायालयात जाता येते.

म्हणून मागणे फार मोठे नाही. किमान शिक्षा हवी तर राहू द्यावी. मुंद्र्यासारख्या प्रकरणात २० वर्षेही अपुरी वाटतील, यात शंका नाही. परंतु शस्त्र कायद्यात आज असलेले तेच परंतुक, त्याच शब्दांत, अंमली पदार्थांच्या कायद्याच्या व्यापारी प्रमाणाच्या कलमांना जोडावे. आणि चांगल्या वर्तणुकीची सूट या कैद्यांनाही मिळेल अशी दुरुस्ती कलम ३२ अ मध्ये करावी. यासाठी आयोगाची गरज नाही. शिक्षेबाबत मार्गदर्शक तत्त्वे असावीत असे न्या. मळीमठ समितीने २००३ सालीच सांगून ठेवले आहे. वेळ मिळत नाही ही सबबही टिकणारी नाही. २०१४ ची दुरुस्ती करताना एका पोटकलमाचे अक्षर बदलले आणि त्याचा उल्लेख करणारे कलम २७ अ तसेच राहून गेले. ती चूक सात वर्षे कोणाच्या लक्षात आली नाही. त्रिपुरा उच्च न्यायालयाने ती दाखवून दिल्यावर डिसेंबर २०२१ मध्ये संसदेने ती दुरुस्त केली, आणि तीही २०१४ पासून लागू होईल अशा बेताने.